मदत हवी आहे: फ्रेंच बायकोला सांगलीला आणायचंय, एंट्री व्हिसाबद्दल

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा. आमचं लग्न 2019 मध्ये फ्रान्समध्ये रजिस्टर झालं. यंदा, म्हणजे 2020 च्या मार्चमध्ये, कोरोनामुळे व्हिसे बंद झाले, तेव्हा मी इकडे आणि बायको तिकडे फ्रान्सात ल्योंला. तिचा जुना ई-टुरिस्ट व्हिसा आता चालत नाही. 22 ऑक्टोबरला गृह मंत्रालयाने पर्यटक सोडून बाकी परदेशी नागरिकांना परवानगी दिली, म्हणजे भारतीयांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या एंट्री (एक्स) व्हिसाचा रस्ता मोकळा झाला, असं मी धरून चाललोय. ओसीआय कार्डाचा (परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचा) सल्ला कृपया नको. त्याला लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. इथला एक एजंट तर ‘टुरिस्टवरच अर्ज टाका, होतंय’ म्हणतो. त्याला लांबूनच रामराम!

कोणी एवढ्यात जोडीदाराला एक्स व्हिसावर आणलंय का? लग्नाच्या फ्रेंच दाखल्यावर अपोस्टिल (परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) मागितलं का? इंग्रजी भाषांतर कोणाकडून चाललं? पॅरिसहून एअर बबलच्या (दोन देशांनी आपसात ठरवून चालवलेल्या खास) विमानात बसताना नुसता व्हिसा पुरला का?

आणि सांगली-साताऱ्याकडच्यांना खास विचारतो: व्हिसा 180 दिवसांहून जास्त मिळाला तर आल्यावर 14 दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी लागते. ती एसपी ऑफिसात समक्ष जाऊन करावी लागली, की ऑनलाइन भागलं? आईने वरची खोली रंगवूनसुद्धा घेतलीय, म्हणून जरा घाई.