सीआरपी आणि घसरलेले गुण
रक्तातील सीआरपी (शरीरात दाह, म्हणजे आतली सूज, असल्याचे दाखवणारे प्रथिन) वाढला म्हणूनच मुलाचे परीक्षेतले गुण घसरले, असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो मला घाईचा वाटतो. यकृतात तयार होणारे हे प्रथिन साध्या संसर्गानेही वाढते, त्यामुळे ते लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या वर असेल, तर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करणे इष्ट. संसर्गाने होणाऱ्या अशा तात्पुरत्या वाढीपेक्षा रेंगाळणारा सौम्य दाह निराळा. लठ्ठपणा, हिरड्यांचा आजार, अपुरी झोप यांच्याशी त्याचा संबंध आढळतो, आणि यांतली झोप तर दाह बाजूला ठेवला तरी अभ्यासातले लक्ष उडवते. आमच्या इंदुरात भंवरकुआँच्या कोचिंगमधून रात्री नऊला सुटून, वाटेत कचोरी खाऊन, बारापर्यंत मोबाईल चाळणाऱ्या माझ्या भाच्याला सकाळी सातची शाळा गाठायची असते; किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते, तेव्हा रक्ताआधी (खर्च वाचेल तो वेगळाच) त्याच्या झोपेचाच हिशोब मांडावा.