‘खुलासा करतील काय?’ : सभागृहातील प्रश्नोत्तरांची भाषा

विचारणा : आम्ही इंदूरकर विधानसभेच्या बातम्या हिंदीत वाचतो, आणि महाराष्ट्रातील नातेवाईक पाठवतात ती कात्रणे मराठीत. महाराष्ट्र विधानमंडळाच्या छापील प्रश्नोत्तरांत आमदारांचा प्रश्न ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशा शब्दांनी सुरू होतो. शिक्षकांची रिक्त पदे किंवा रखडलेली नळयोजना यांसारख्या सर्वांना ठाऊक असलेल्या बाबींत मंत्र्यांनी कोणता खुलासा करायचा असतो? आणि खाली ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे छापलेले असते, त्याला उत्तर म्हणावे काय?

उत्तर : अडचण ‘खुलासा’ या शब्दाची आहे आणि ती आपल्याकडच्या मराठी माणसाला अधिक जाणवते, कारण रोजच्या हिंदी वर्तमानपत्रात ‘बड़ा खुलासा’ म्हणजे गौप्यस्फोट, दडवलेले उघड होणे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ सार किंवा सत्त्व असा असून उर्दूत तो आजही सारांश या अर्थाने वापरला जातो. मराठीने त्याला तिसरीकडेच नेले : स्पष्टीकरण, उलगडा. कार्यालयात कर्मचाऱ्याकडून ‘लेखी खुलासा’ मागवतात तेव्हा त्याने कोणतेही गुपित फोडावे अशी अपेक्षा नसते, तर अमुक गोष्ट का घडली किंवा का घडली नाही हे त्याने सांगावे, एवढीच असते. ‘खुलासेवार लिहिणे’ हेही त्याच अर्थाचे.

सभागृहातील प्रयोग याच घरातला आहे. नळयोजना रखडल्याचे गावाला ठाऊक असते, आमदारांना ठाऊक असते, मंत्र्यांनाही ठाऊक असते. परंतु शासनाने ते सभागृहात, स्वतःच्या जबाबदारीवर, लेखी अथवा तोंडी मान्य करणे किंवा नाकारणे ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून प्रश्नाची रचनाही ठरलेली असते : ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. मध्य प्रदेश विधानसभेत याच जागी ‘मंत्री महोदय यह बताने की कृपा करेंगे कि’ असे येते. हिंदीतील ते वाक्य अदबीचे आहे खरे, पण त्यात केवळ ‘सांगणे’ आहे. मराठीत ‘खुलासा’ म्हटल्याने कारण देण्याची जबाबदारी मंत्र्यांवर येते. मला मराठी शब्द अधिक नेमका वाटतो, आणि त्याला हिंदी बातमीचा अर्थ चिकटू देऊ नये असे माझे मत आहे.

‘प्रश्न उद्भवत नाही’ हे त्या साखळीचे शेवटचे टोक आहे. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर दिले की ‘असल्यास’ने सुरू होणारे पुढचे सगळे भाग आपोआप गळतात. मध्य प्रदेशात त्यालाच ‘प्रश्न उपस्थित नहीं होता’ म्हणतात. पण मराठीत ‘प्रश्न’ म्हणजे पृच्छा आणि ‘प्रश्न’ म्हणजे समस्यासुद्धा. पाणीप्रश्न सुटतो तसाच परीक्षेतला प्रश्नही सुटतो. त्यामुळे ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे वाचणाऱ्याला ‘समस्याच नाही’ असे ऐकू येते आणि ज्याच्या नळाला पाणी नाही त्याचा संताप होतो. शब्दाचा हा दुहेरीपणा कोणी मुद्दाम योजलेला नाही. तरी त्याचा आडोसा उत्तर देणाऱ्याला मिळतो हे नाकारता येत नाही. ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर मला त्याहून प्रामाणिक वाटते, कारण मग कोणता अंश खरा आहे हे सांगावेच लागते.

पुढील विचारणा : मग तारांकित प्रश्न म्हणजे अधिक महत्त्वाचा प्रश्न काय? आणि ‘जानकारी एकत्रित की जा रही है’ याला मराठीत काय म्हणावे?

उत्तर : तारांकित म्हणजे तारेची खूण केलेला प्रश्न, पण ती तारा महत्त्व दाखवणारी खूण नाही. सदस्याला तोंडी उत्तर हवे आहे, एवढेच ती सांगते. लोकसभेत एका दिवसासाठी 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न घेतले जातात. अतारांकितांना लेखी उत्तर मिळते आणि त्यांवर उपप्रश्न विचारता येत नाहीत. इंदूरच्या तेव्हाच्या खासदार सुमित्राताई महाजन 2014 ते 2019 या काळात लोकसभेच्या अध्यक्षा असताना इंदुरातील अनेक घरांत प्रश्नकाळ आवडीने पाहिला गेला, त्यामुळे ‘पूरक प्रश्न’ हा हिंदी शब्द आपल्या तोंडी बसला आहे. मराठीत त्यालाच ‘उपप्रश्न’ म्हणतात. खरा खुलासा बहुधा तिथेच होतो, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर सचिवालयात लिहून तयार असते, पण उपप्रश्नाला मंत्र्यांना उभ्या उभ्या उत्तर द्यावे लागते.

दुसऱ्या वाक्यासाठी ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे लिहावे. ‘एकत्रित केली जात आहे’ हे व्याकरणाने चुकीचे नसले तरी कानाला हिंदी लागते. हे वाक्य मात्र पोकळ समजू नये : ‘माहिती मिळवून सभागृहाच्या पटलावर ठेवू’ असे मंत्र्यांनी म्हटले की लोकसभेत ते ‘आश्वासन’ ठरते, ते तीन महिन्यांत पाळणे अपेक्षित असते, आणि त्यावर शासकीय आश्वासनांची समिती लक्ष ठेवते. घरगुती मराठीत आश्वासन म्हणजे धीर देणे. इथे ते अंगावर घेतलेले देणे आहे.