होडीच्या फायबरवर डिझेलचे पिवळे ओघळ, कशाने जातील?

देवबागचा_खलाशी:
आमची २५ फुटी फायबरची होडी आहे, आत डिझेल इंजिन. कर्लीच्या खाडीतून संगमापर्यंत पर्यटकांना फिरवतो. मे महिन्याच्या गर्दीत घाईघाईत कॅन आणि नरसाळं घेऊन डिझेल भरायचो, तेव्हा सांडायचंच. शिवाय टाकीच्या हवेच्या नळीतूनही गळायचं. डाव्या बाजूला त्या नळीखाली हातभर लांब, जिभेसारखा पिवळट-तपकिरी ओघळ पडलाय. त्यावर धूळ बसून कडा काळ्या झाल्यात. पावसाळाभर होडी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली होती, म्हणजे डाग चांगला मुरलाय.

कपड्यांची पावडर झाली, लिंबू झालं. भावाने तारेची घासणी आणली होती, ती मी हिसकावून घेतली. आता तो थिनर आणतोय. गणपतीनंतर गिऱ्हाईक सुरू होतं, आणि पांढऱ्या होडीवर असला डाग दिसला की लोक विचारतात, 'काका, ही गळत तर नाही ना?' उपाय सांगा.

फायबरवाला_रत्नागिरी:
घासणी हिसकावलीत ते बरं केलंत. वरचा चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. त्यावर बारीक ओरखडे पडले की पुढच्या वेळी डिझेल तिथेच जाऊन बसणार. थिनरही नको. त्याने वॅक्स जातं, जास्त वेळ राहिला तर चमक मरते, आणि रंगवलेला पट्टा किंवा नंबर जवळ असेल तर तोही पुसला जाईल.

आधी डाग कसला ते नक्की करा. पांढऱ्या फडक्यावर थोडं मिनरल टर्पेन्टाइन घेऊन चोळा. फडकं पिवळं-काळं झालं तर तेलाचा डाग. काहीच आलं नाही तर गंज असेल किंवा खाडीच्या पाण्याचा पिवळेपणा. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड चालतं, तेलावर मात्र ते काही करत नाही. लिंबू का फसलं ते यावरून कळेल.

तेल निघालं तर सकाळी होडी थंड असताना कामाला लागा. उन्हात तापलेल्या फायबरवर काहीही लावलं की लगेच वाळतं. पहिल्यांदा गोड्या पाण्याने मीठ धुवा, नाहीतर मिठाचे कणच घासकागदाचं काम करतात. मग गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून मऊ स्पंजने लावा, दहा मिनिटं थांबा, धुवा. वरचं तेल एवढ्यात निघेल.

आत मुरलेल्यासाठी लेप. खडूची पूड टर्पेन्टाइनमध्ये श्रीखंडाएवढी घट्ट कालवून डागावर थापा. वर प्लॅस्टिक चिकटवून दोनेक तास ठेवा, मग प्लॅस्टिक काढून लेप वाळू द्या. वाळताना पूड तेल ओढून घेते. झाडून पुन्हा लिक्विडने धुवा. आधी कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. उरलेल्या सावलीवर बारीक रबिंग कंपाउंड हलक्या हाताने, आणि शेवटी वॅक्स. वॅक्स टाळू नका, उघड्या जेलकोटवर नवा डाग फार लवकर धरतो.

कोळीणबाय:
आमच्याकडे एकाने संडास साफ करायचं ॲसिड ओतलं होतं. डाग तसाच राहिला, बाजूचे स्टीलचे हूक मात्र काळे पडले. वर त्यातच ब्लीचिंग टाकायला निघाला होता! ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र झालं की क्लोरीन वायू सुटतो, जीव घुसमटतो.

दुसरं म्हणजे धुवायचं ते किनाऱ्यावर, वरच्या अंगाला. साबणाने तेल नाहीसं होत नाही, त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतं. त्याच खाडीत बाया कालवं आणि तिसऱ्या काढतात. जास्तीचं डिझेल आधी चिंध्यांनी टिपून घ्या, आणि त्या चिंध्या चुलीजवळ ठेवू नका.

जुना_तांडेल:
डाग मगे, आधी तां डिझेल खयसून येता तां बघा. टाकी गळ्यापर्यंत भरतास ना? पंपाची टाकी जमिनीखाली, तिथलं डिझेल थंड. तुमची होडी उन्हात. दहा अंशांनी तापलं तरी शंभर लिटरमागे पाऊण लिटरच्या वर फुगतं. टाकीत जागा नाही, मग नळीतून बाहेर. फायबरवाल्याचा लेप लावा बिनधास्त, पण दर शनिवारी लावायचा आहे काय?

देवबागचा_खलाशी:
सगळ्यांना उत्तर एकदम देतो. फडकं काळंकुट्ट झालं, म्हणजे तेलच. लेप दोनदा लावला. पहिल्या वेळी प्लॅस्टिकची चिकटपट्टी सुटली आणि सगळी पूड वाऱ्याने भावाच्या डोक्यावर गेली. थिनरचा डबा त्याच्याच हातात होता, तो गुपचूप ठेवून आला. दुसऱ्यांदा नीट बसला. कंपाउंडनंतर ओघळ गेला, जवळून पाहिलं तर नळीखाली बोटभर फिकट सावली आहे. ती आता मी घासत बसणार नाही.

तांडेलकाका, बरोबर पकडलंत. टाकी शंभर लिटरची, मी काठोकाठ भरत होतो. आता नव्वदला थांबतो. भरताना नळीच्या तोंडाला पाण्याची बाटली कापून सुतळीने बांधतो. काल भरलं तेव्हा तिच्यात चमचाभर आलं, होडीवर थेंबही नाही. भावाला मात्र अजून खडूवाला म्हणून हाक मारतात.