मदत हवी आहे : तांबड्या पेशींचा आकार लहान, पण संख्या जास्त. ही लोहाची कमतरता आहे का?

नमस्कार. आम्ही यावल तालुक्यातले शेतकरी कुटुंब. माझ्या धाकट्या बहिणीच्या सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टमधील एका आकड्याविषयी जाणकारांकडून मार्गदर्शन हवे आहे. तिचे वय २४ असून तिला जाणवण्यासारखा कोणताही त्रास नाही. नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी करावी लागली, तेव्हा हिमोग्लोबिन १०.९ निघाले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने तिने त्या न चुकता घेतल्या. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये असे सांगितले होते, तेही आमच्या घरात अवघड असूनही तिने पाळले. त्यानंतरच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ११.१, तांबड्या पेशींची संख्या ५७ लाख, एमसीव्ही ६३, एमसीएच (एका पेशीतील सरासरी हिमोग्लोबिन) १९.५ आणि आरडीडब्ल्यू १५ आहे. एमसीव्हीच्या पुढे छापलेली मर्यादा ८० ते १०० असल्यामुळे ६३ हा आकडा ठळक अक्षरात आला आहे. खाली तांबड्या पेशींचा जो छोटा आलेख असतो, त्यातला उंचवटाही डाव्या बाजूला सरकलेला दिसतो.

एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान आणि ते फेमटोलिटरमध्ये मोजतात, इतके मी वाचून समजून घेतले आहे. लोह कमी असले की पेशी लहान होतात, हेही कळले. पण मग गोळ्या घेऊनही आकार जागचा हलत का नाही? आणि अंगात रक्त कमी आहे असे सगळे म्हणत असताना पेशींची संख्या मात्र मर्यादेच्या वर कशी? नातेवाईक बीट, खजूर आणि गूळ सुचवतात, डॉक्टरांनी गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवायला सांगितले आहे. त्यांच्याविषयी मला तक्रार नाही, परंतु पुढच्या भेटीत त्यांना नेमके काय विचारावे हे मला समजून घ्यायचे आहे. घाई एवढ्यासाठी की बहिणीचे लग्न ठरण्याच्या बेतात आहे.

सोबत आईचाही प्रश्न मांडतो. तिच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही ८८ आहे, म्हणजे आकार अगदी योग्य, तरीही हिमोग्लोबिन ९.४ आणि आरडीडब्ल्यू १९ आहे. आई माळकरी असल्याने अंडी-मांस वर्ज्य आहे, आणि मधुमेहासाठी ती बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेते.

प्रतिसाद :

भाऊ, मी धुळ्याला पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करतो. निदान तुमचे डॉक्टरच करतील, परंतु आकडे कसे वाचावेत ते सांगतो.

आकार कधीही एकटा वाचू नये, तो संख्येसोबत वाचावा. आमच्या यंत्रात प्रत्येक पेशी एका अतिशय बारीक छिद्रातून जाते. त्या क्षणी विद्युत्प्रवाहाला जेवढा अडथळा होतो, त्यावरून पेशीचे आकारमान ठरते, आणि असे किती अडथळे आले त्यावरून संख्या ठरते. म्हणजे हे दोन्ही आकडे एकाच मोजणीतून येतात आणि ते एकमेकांशेजारी ठेवूनच बोलतात. लोहाच्या कमतरतेत हिमोग्लोबिन बनवायला लोहच नसते, म्हणून पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही सहसा घटते. बीटा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष आहे, आणि ज्याला तो एकाच पालकाकडून मिळतो त्याला वाहक म्हणतात. अशा वाहकामध्ये मात्र लोह सहसा पुरेसे असते. हिमोग्लोबिनमधील ग्लोबिनची एक साखळी जन्मतःच कमी तयार होत असल्यामुळे पेशी लहान राहतात, आणि अस्थिमज्जा ती उणीव जास्त पेशी तयार करून भरून काढते. ५७ लाख ही संख्या आणि ६३ हा आकार एकत्र पाहिल्यावर माझे लक्ष आधी तिकडे गेले.

यासाठी एक सोपा भागाकार वापरतात. एमसीव्हीला दशलक्षात मांडलेल्या पेशीसंख्येने भागायचे, म्हणजे तुमच्या बाबतीत ६३ भागिले ५.७. उत्तर सुमारे ११ येते. १३ पेक्षा कमी उत्तर वाहक असण्याकडे आणि जास्त उत्तर लोहाच्या कमतरतेकडे झुकते. हा मेंट्झर निर्देशांक १९७३ साली मांडला गेला. तो फक्त संशय घ्यायला शिकवतो, निदान करत नाही. शिवाय लोह खरोखर कमी असते, तर गोळ्यांनी साधारण महिनाभरात हिमोग्लोबिन १ ते २ ग्रॅमने वाढायला हवे होते. गोळ्या नियमित घेऊनही ते जवळपास तेवढेच राहिले, ही गोष्ट मला निर्देशांकापेक्षाही महत्त्वाची वाटते.

म्हणून डॉक्टरांना दोन तपासण्यांबद्दल विचारा. पहिली फेरिटिन, ज्यातून शरीरातील लोहाचा साठा कळतो. ताप किंवा कुठलीही सूज असताना ती करू नये, कारण तेव्हा फेरिटिन खोटे वाढलेले दिसते. दुसरी एचपीएलसी, ज्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजले जातात. त्यात हिमोग्लोबिन ए-२ साडेतीन टक्क्यांहून जास्त आले तर बीटा थॅलेसेमियाचे वाहकत्व समजले जाते. लोहाची तीव्र कमतरता असल्यास हा ए-२ खोटा कमी दिसू शकतो, त्यामुळे दोन्ही तपासण्या एकत्रच वाचाव्यात. ए-२ योग्य आले आणि फेरिटिनही योग्य आले, तर अल्फा थॅलेसेमियाचा विचार करावा लागतो, आणि त्यासाठी जनुकीय तपासणीच करावी लागते.

वाहक असणे हा आजार नाही, आणि हे घरच्यांना स्पष्ट सांगा, कारण लग्न ठरताना असा एखादा शब्द कानावर पडला की लोक उगाच घाबरतात. तिला आयुष्यभर औषध लागणार नाही, आणि लोह कमी नसेल तर लोहाच्या गोळ्याही नकोत. प्रश्न फक्त जोडीदाराचा आहे. दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मुलाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशा मुलाला नियमित रक्त चढवावे लागते. आपल्या खानदेशात याला आणखी एक बाजू आहे. नंदुरबार, धुळे आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात त्या आनुवंशिक आजाराचे) वाहक बरेच आहेत, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजात. एका जोडीदारात सिकलसेलचा आणि दुसऱ्यात बीटा थॅलेसेमियाचा दोष असेल, तरीही मुलाला सिकल-थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्केच असते. शिबिरांमध्ये होणारी विद्राव्यता चाचणी, जिला लोक सोल्युबिलिटी म्हणतात, ती फक्त सिकलसेल दाखवते, थॅलेसेमिया दाखवत नाही. म्हणून ती चाचणी ठीक आली एवढ्यावर समाधान मानू नका. नवऱ्या मुलाचीही सीबीसी आणि एचपीएलसी करून घ्या. त्याचा एमसीव्ही उत्तम असला तरी सिकलसेलच्या वाहकामध्ये आकार बहुधा बदलत नाही, त्यामुळे एचपीएलसी वगळू नका.

आईच्या रिपोर्टमध्ये आरडीडब्ल्यू हा आकडा बोलतो आहे. तो पेशींच्या आकारातील तफावत दाखवतो आणि बहुतेक ठिकाणी त्याची वरची मर्यादा साधारण १४.५ असते. बी-१२ कमी असले की पेशींचे विभाजन मंदावते आणि त्या मोठ्या होतात, लोह कमी असले की लहान होतात. दोन्ही कमी असतील तर सरासरी ८८ सारखी सरळ दिसते, पण प्रत्यक्षात रक्तात मोठ्या आणि लहान पेशींची सरमिसळ असते. शाकाहार आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन ही दोन्ही बी-१२ कमी होण्याची ओळखीची कारणे आहेत. फेरिटिन आणि बी-१२ दोन्ही तपासा, रक्ताचा स्मिअरही, म्हणजे काचेवर पसरवलेला रक्ताचा थर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. लोहाची कमतरता असताना मधुमेहाची एचबीएवनसी तपासणी खोटी जास्त दाखवू शकते, हेही त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

धागाकर्ता :

मनापासून आभार. संख्या आणि आकार एकत्र वाचायचा असतो हे कुणीच इतके स्पष्ट सांगितले नव्हते. एक शंका उरते. लोहाच्या गोळ्या सध्या चालू आहेत, तर फेरिटिनसाठी त्या आधी बंद कराव्या लागतील का? आणि बहिणीच्या एचपीएलसीसाठी उपाशीपोटी जावे लागेल का?

प्रतिसाद :

एचपीएलसीसाठी उपाशी राहायची गरज नाही, त्यासाठी सीबीसीसारखाच जांभळ्या टोपणाच्या नळीतला नमुना चालतो. मात्र मागच्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलेले असेल तर ते आधी सांगा, कारण मग दात्याच्या पेशी मिसळतात आणि निष्कर्ष चुकतो. गोळ्या किती दिवस थांबवायच्या ते तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, स्वतःहून बंद करू नका. आणि दोन्ही सीबीसी रिपोर्ट सोबत न्या, तीन महिन्यांत आकार बदलला नाही हे त्यांना एका नजरेत दिसेल.