घर विकायचंय, आधी स्वयंपाकघर नवीन करून घ्यावं का? (मदत हवी आहे)

नमस्कार.

आमचं राहतं घर येत्या तीन-चार महिन्यांत विकायला काढायचं आहे. नव्या जागेचं पक्कं झालंय, त्यामुळे विकावं की नाही हा प्रश्नच नाही. अडलंय ते स्वयंपाकघरापाशी. घरात रोज रात्री तोच विषय निघतो आणि काहीही न ठरता सगळे झोपायला जातात. इथे यातून गेलेलं कोणी ना कोणी असेल म्हणून विचारते.

स्वयंपाकघर अठरा वर्षांपूर्वीचं. एल आकाराचा ओटा, वर काळा ग्रॅनाईट. तो अजून ठणठणीत आहे, कुठे तडा नाही, कड उडालेली नाही. खालची कपाटं मात्र थकलीत. बाहेरून लॅमिनेट, आत पार्टिकल बोर्ड. दोन शटर्स बिजागरीतून सैल होऊन खाली आलीत, बंद करताना हाताने उचलून धरावी लागतात. शेगडीमागच्या दोन टाईल्सना तडे गेलेत आणि टाईल्समधलं पांढरं सिमेंट काळपट पडलंय. विजेचे पॉइंट दोनच, म्हणून मिक्सर आणि मायक्रोवेव्ह एकाच एक्स्टेंशन बोर्डवर चालतात.

आणि सिंकखालचं कपाट. त्याचा तळ फुगलाय. हात फिरवला की लॅमिनेट वर उचललेलं लागतं, कडेने भुगा सुटतो. दार उघडलं की कुबट वास येतो. मागच्या भिंतीवर वीतभर उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे निघालेत आणि लोणा लागलाय.

बहिणीचं म्हणणं, सगळं उखडून नवीन करा, कारण बघायला येणारी माणसं आधी स्वयंपाकघरात शिरतात आणि तिथेच मन बनवतात. नवऱ्याचं म्हणणं, एक खिळाही ठोकू नका, घेणारा आपल्या मनासारखं करून घेईल. दोघांचंही मला पटतं, हीच अडचण आहे. माझ्या एका मैत्रिणीने विकण्याआधी सगळं नवीन केलं होतं, चांगलं आवडीने, रंग निवडून. ज्यांनी घर घेतलं त्यांनी दोन महिन्यांत ते सगळं काढून टाकलं, कारण त्यांना मधली भिंत पाडून मोठी खोली हवी होती. ती आजही त्या घरावरून जाताना हळहळते. उलट दुसऱ्या एका ओळखीच्यांनी काहीच केलं नाही, आणि आलेल्या प्रत्येकाने स्वयंपाकघराकडे बोट दाखवून किंमत पाडून मागितली.

पण मला खरं बोचतंय ते वेगळंच. बघायला बोलावलेले सुतारदादा म्हणाले, "ताई, तळाला नवा बोर्ड टाकतो, मागे एक पॅनल मारतो, शटर बदलतो. ओल दिसणारच नाही. तुम्हाला तरी कुठे राहायचंय इथे?" माणूस वाईट नाही, माझं काम सोपं करायला म्हणूनच बोलले. पण तेव्हापासून झोप लागत नाहीये. ज्या घरात मुलं मोठी झाली ते घर एखाद्या अनोळखी कुटुंबाच्या हातात देताना भिंतीतली ओल झाकून द्यायची, हे माझ्याच्याने होणार नाही. आणि ओल झाकायची नसेल तर मग नेमकं काय आणि किती करायचं, हे मला कळत नाहीये.

कोणी असा निर्णय घेतला असेल तर कसा घेतला, कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, पाणी कुठून येतंय ते सापडलं का? ते कळेपर्यंत बाकी कशावरही पैसे घालू नका.

प्रतिसाद २

तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकात बांधलेत, म्हणून सुटत नाहीयेत. दुरुस्ती वेगळी आणि नूतनीकरण वेगळं. गळती, सैल वायरिंग, फुटकी टाईल ही दुरुस्ती. ती केल्याने घराची किंमत वाढते असं नाही, पण न केल्याने हमखास घटते, कारण ओलीचा डाग बघणारा माणूस एका कपाटाचा खर्च धरत नाही. तो मनात म्हणतो, इथे एवढं दिसतंय तर न दिसणारं किती असेल, आणि त्या भीतीचे पैसे कापून मागतो. नवीन मॉड्युलर कपाटं, नवा दगड, नवे रंग हे नूतनीकरण, आणि ते ज्याच्या त्याच्या आवडीचं.

आकडेच बघायचे तर अमेरिकेत 'कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू' नावाचा अहवाल दरवर्षी निघतो. २०२४च्या अहवालात स्वयंपाकघराचं मर्यादित काम, म्हणजे कपाटांचे सांगाडे तसेच ठेवून दर्शनी भाग, वरचा पृष्ठभाग आणि उपकरणं बदलणं, यावरच्या खर्चापैकी सुमारे ९६ टक्के विक्रीत परत मिळतात असा अंदाज आहे. महागडं सामान वापरून सगळंच नवीन केलं तर सुमारे ३८ टक्के. हे आकडे तिथल्या बाजाराचे, ते जसेच्या तसे तुमच्या घराला लावू नका. पण खर्च जितका भारी, तितका त्यातला परत येणारा वाटा कमी, ही दिशा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तुमचा ग्रॅनाईट चांगला आहे, हे तर तुमच्या फारच पथ्यावर पडलंय. ओटा उखडायचा नसेल तर निम्मं तोडकाम वाचतं. शिवाय सिंक, शेगडी आणि फ्रीज यांच्यामधलं अंतर मोजून ठेवा. तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फुटांच्या आत असेल तर मांडणी सोयीची मानतात. मांडणी चांगली असेल तर घेणाऱ्याला जुनी शटर्स फारशी खुपत नाहीत.

धागाकर्ती

मोजलं. तिन्ही मिळून साडेसतरा फूट भरलं. अठरा वर्षं त्या ओट्यापाशी उभी राहिले, पण ते असं मोजतात हे आज कळलं.

पाणी कुठून येतंय ते अजून सापडलेलं नाही. प्लंबर येऊन नळ बघून गेले, "नळ ठीक आहे" म्हणाले. भिंतीतला पाइप गळत असेल तर भिंत फोडावी लागेल, असंही म्हणाले. भिंत फोडायचीच असेल तर मग बहिणीचं ऐकून सगळंच करावं का?

प्रतिसाद ३

थांबा, भिंत फोडू नका. आधी पाणी येणाऱ्या पाइपचं आहे की जाणाऱ्या पाइपचं, ते घरच्या घरी कळतं.

रात्री सगळे नळ घट्ट बंद करा, वॉशिंग मशीन, फ्लश काहीही वापरू नका. पाण्याच्या मीटरवरचा आकडा लिहून ठेवा. दोन तासांनी परत बघा. आकडा हलला तर मीटरच्या पुढे कुठेतरी दाबाखालचा पाइप गळतोय, मग शोध मोठा. नाही हलला तर संशय जाणाऱ्या पाण्यावर, कारण ते पाणी तुम्ही सिंक वापरता तेव्हाच वाहतं.

मग दुसरी परीक्षा. सिंकखालचं सगळं सामान बाहेर काढा. सगळे जोड फडक्याने कोरडे पुसा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा. सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. जाळीच्या भोवतालचा टिश्यू भिजला तर गळती तिथेच. नाही भिजला तर बूच एकदम काढा. पाणी जोरात खाली जाताना कुठला टिश्यू आधी ओला होतो ते टॉर्च घेऊन बघा. नुसता नळ सोडून बघितलं तर अशी गळती सापडत नाही, कारण थोड्या पाण्याला जोडावर भारच येत नाही. तुमच्या प्लंबरने बहुधा तेवढंच बघितलं असावं.

प्रतिसाद ४

सगळ्यांपेक्षा थोडं वेगळं मत देते. आम्ही विकण्याआधी सगळं नवीन केलं आणि पश्चात्ताप झाला नाही. पण आमच्याकडे खाली कपाटंच नव्हती, नुसते उघडे कप्पे आणि पडदे. ओटासुद्धा इतका बुटका की वाकून वाकून पाठ धरायची. बाकीचं घर छान आणि स्वयंपाकघर तेवढं मागे पडलेलं असेल तर खर्चाला अर्थ आहे. तुमचं वर्णन वाचून तसं वाटत नाही. तुमचं स्वयंपाकघर चालू आहे, फक्त दमलंय.

नवीन करायचंच ठरलं तर वेळेचा हिशेब आधी घाला. आम्हाला तीन आठवडे सांगितले होते, सात लागले. तेवढे दिवस दुसऱ्या खोलीत शेगडी मांडून राहावं लागलं. वर धुळीमुळे घर बघायला कोणालाही बोलावता येत नव्हतं.

धागाकर्ती

नऊ दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. सगळं सांगते.

मीटरचा आकडा दोन तासांत तसूभरही हलला नाही. इतकं हायसं वाटलं! दुसऱ्या दिवशी सकाळी टिश्यूची परीक्षा केली. मुलगी टॉर्च धरून बसली, मी बूच काढलं. जाळीखालचा टिश्यू कोरडा, ट्रॅपचा, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या पाइपचा, कोरडा, आणि पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथला एका बाजूने हळूहळू काळपट होत गेला. तिथलं रबर दाबून बघितलं तर लाकडासारखं कडक झालेलं, नखाने तुकडा निघाला. रोज थोडं थोडं पाणी तिथून मागे भिंतीवर उतरत होतं आणि बोर्ड ते शोषत होता. प्लंबरना परत बोलावलं. नवं रबर, पाइपचा वीतभर नवा तुकडा आणि अर्धा तास. कितीतरी महिने सतावणारी गोष्ट अर्ध्या तासात संपली.

फुगलेला बोर्ड मात्र वाळला तरी पूर्ववत होत नाही, हे सुतारदादांनीच दाखवलं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की काही झाकायचं नाही, खराब झालंय तेवढं काढायचं. त्यांनाही ते पटलं. सिंकखालचा एकच सांगाडा काढून तिथे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा नवा करतायत. त्याला पाठ लावायची नाही, म्हणजे मागची भिंत उघडी राहील, वाळेल, आणि बघणाऱ्याला दिसेलही. सैल बिजागऱ्यांसाठी नवी शटर्स लागली नाहीत. झिजलेल्या भोकांत गोंद लावून लाकडाच्या बारीक काड्या ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या आणि सकाळी तेच स्क्रू परत आवळले. शटर आता एका बोटाने बंद होतं. मुठी बदलायच्या ठरवल्या. त्या आणायला निघाले तेव्हा दादांनी थांबवून दोन भोकांमधलं अंतर मोजायला लावलं. ते ९६ मिलिमीटर निघालं. मला आवडलेल्या मुठी १२८च्या होत्या. तशाच आणल्या असत्या तर प्रत्येक शटरला एक जुनं भोक उघडं पडलं असतं.

टाईल्सचा अजून निर्णय नाही. अठरा वर्षांपूर्वीचं ते डिझाइन आता कुठे मिळत नाही, म्हणून फक्त दोन बदलल्या तर त्या ठिगळासारख्या दिसतील. शेगडीमागची ती पूर्ण आडवी ओळ काढून तिथे साध्या रंगाचा पट्टा करावा असं मनात आहे. कोणी केलं असेल तर सांगा. बाकीच्या टाईल्समधलं जुनं सिमेंट खरवडून नवीन भरून घेतलं, आणि खोलीत सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. बहिणीलाही वाटलं टाईल्सच बदलल्या.

वीज मात्र सोडली नाही. इलेक्ट्रिशियनने मायक्रोवेव्हसाठी वेगळी लाइन ओढून दिली आणि ३० मिलिअँपिअर एवढी वीज गळली तरी पुरवठा आपोआप तोडणारं सुरक्षा उपकरण बसवलं. नवरा म्हणाला, हे कोणाला दिसणार आहे? मी म्हटलं, दिसायला नकोच आहे. घेणाऱ्यांच्या घरात लहान मूल असलं तर?

हे सगळं धरूनही खर्च पूर्ण नव्या स्वयंपाकघराच्या सातव्या हिश्श्याच्या आत आहे. सगळी बिलं एका फाइलमध्ये लावून ठेवतेय.

प्रतिसाद १

छान केलंत. भिंत लगेच रंगवू नका. आत ओल असताना रंग लावला तर तो फुगून परत निघतो.

धागाकर्ती

हो, तेच ठरवलंय. लोणा कोरड्या ब्रशने झाडून घेतला, पाणी लावलं नाही. ओलीच्या कडेकडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली आहे. दर रविवारी नवी रेघ मारते. आज दुसरी मारली. ती पहिलीच्या चार बोटं आत आहे. पुढच्या आठवड्यात पहिलं कुटुंब घर बघायला येतंय. त्यांना आधी तेच कपाट उघडून दाखवणार आहे.