मदत हवी आहे: स्वतः लिहिलेला प्रबंध 'एआयचा' ठरवला, पुढे काय करू?

नमस्कार मंडळी. एमए समाजशास्त्राच्या शेवटच्या सत्राला आहे. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांवर लघुप्रबंध केलाय. सॉफ्टवेअरने त्यातला ६२ टक्के मजकूर एआयने लिहिल्याचं दाखवलं आणि मार्गदर्शक मॅडमनी सही थांबवली.

मी काय केलं ते खरं सांगते. सगळं आधी मराठीत वहीत लिहिलं. मुलाखतींच्या वह्या तीन आहेत, एकीची पानं पाचटाच्या धुळीने अजून खरखरीत लागतात. मग इंग्रजी स्वतःच केलं आणि चॅटजीपीटीकडून फक्त व्याकरण सुधारून घेतलं. ते आधी सांगायला हवं होतं, ही चूक मला मान्य आहे. पण मुद्दे, मुलाखती, निष्कर्ष माझेच आहेत.

यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) वाङ्मयचोरीबद्दलची २०१८ची नियमावली वाचली. त्यातले १०, ४०, ६० टक्क्यांचे टप्पे दुसऱ्याच्या मजकुराशी साम्याचे आहेत, आणि माझं साम्य ७ टक्केच आहे. शिवाय एआय ओळखणारं स्वतःचं टूल चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जुलै २०२३मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. मग एवढ्या एका आकड्यावर माझं वर्ष का जावं?

कुणी यातून गेलंय का? वह्या, रेकॉर्डिंग, गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी एवढा पुरावा चालतो का? विभागाच्या समितीकडे अर्ज करू की आधी तोंडी परीक्षा मागू? मॅडमशी संबंध बिघडवायचे नाहीत, त्यांनी मला खूप शिकवलंय. अर्जाचा नमुना असेल तर कृपया पाठवा, सोमवारी भेट आहे.