अमेरिकेचं पेव आणि आपली शेगडी

ए-१०२ वहिनी: फॉरवर्ड आलाय. "नैसर्गिक वायूचे साठे घटले! भाव भडकणार! सिलिंडर आत्ताच भरून ठेवा!!" खरं आहे का हो? आम्ही आत्ता कुठं पाइपचं कनेक्शन घेतलंय.

बी-२०४: वहिनी, मीठ संपणार म्हणूनही ह्याच ग्रुपवर आलं होतं की 😀

सचिव: खात्री केल्याशिवाय फॉरवर्ड नको. मीटर रीडिंगचा फोटो अजून सहा जणांचा यायचाय.

सी-३०१ काका: बातमी अगदीच थापेची नसेल, पण ती आपली नाही. हे साठे अमेरिकेतले. तिथलं सरकारी ऊर्जा खातं दर गुरुवारी आकडा काढतं, आठवड्यात जमिनीखाली किती गॅस भरला, किती उपसला. आपल्याकडं तेव्हा रात्रीचे आठ, थंडीत नऊ. आमचे चिरंजीव वायदे बाजारात असतात, त्यामुळं गुरुवारी आमच्याकडं भाकरी गारच खायची.

बी-२०४: जमिनीखाली? टाकी नाही?

सी-३०१ काका: टाकीत कुठं मावतोय! तेल-वायू उपसून रिकाम्या झालेल्या खडकांत, मिठाच्या पोकळ्यांत दाबून भरतात. सांगलीजवळच्या हरिपूरची, जमिनीतली पेवं आठवा. हळद उतरवायची, तोंड बंद करायचं, भाव आला की उघडायचं. लहानपणी वडिलांबरोबर जायचो मी. झाकण काढलं की कुणी लगेच आत उतरायचं नाही. आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा, विझला तर थांबायचं. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली, असो. अमेरिकेत एप्रिल ते ऑक्टोबर गॅस भरायचा, नोव्हेंबर ते मार्च घरं उबदार ठेवायला काढायचा. आपल्या मार्केट यार्डात "पेवात माल किती?" विचारतात, तसं ते पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा साठा वर का खाली ते बघतात.

बी-४०३: म्हणजे साठा खाली, भाव वर?

सी-३०१ काका: बहुतेक वेळा. पण बाजारानं जो अंदाज धरलाय, त्याहून वेगळा आकडा निघाला तरच भाव उसळतो. आणि सगळा खेळ पुढच्या थंडीवर. जून २०२० मध्ये तिथला भाव एमएमबीटीयूला (गॅस मोजायचं माप) दीड डॉलरच्या आसपास होता, ऑगस्ट २०२२ मध्ये नऊच्या वर. त्या साली रशियानं युरोपचा गॅस आवळला. १ नोव्हेंबरपर्यंत पेवं भरलीच पाहिजेत, असा नियमच युरोपनं तेव्हा केला, त्या साली ८० टक्के, पुढच्या सालापासून ९०. मिळेल त्या भावानं माल उचलला त्यांनी. आशियाकडं येणारी जहाजं तिकडं वळली.

डी-१०१ ताई: आणि आपलं पेव?

सी-३०१ काका: तेच तर दुखणं आहे ताई. जमिनीखाली साठवायची सोयच आपण केली नाही. निम्म्याच्या आसपास गॅस बाहेरून येतो, उणे १६२ अंशाला द्रव करून. दहेजच्या नाहीतर दाभोळच्या बंदरात उतरवायचा, टाकीत ठेवायचा आणि पाइपात सोडायचा. रोजच्या बाजारहाटावर चाललेलं घर म्हणा.

डी-१०१ ताई: मग बिल वाढणार का, ते सांगा ना.

सी-३०१ काका: त्या गुरुवारच्या आकड्यानं लगेच नाही. स्वयंपाकाच्या पाइपगॅसला सरकार देशातल्या जुन्या विहिरींचा गॅस आधी देतं. एप्रिल २०२३ पासून त्याचा भाव कच्च्या तेलाच्या दहा टक्के, आणि वर मर्यादा. तेव्हा ती साडेसहा डॉलर होती. हा गॅस कमी पडला की बाहेरचा महाग मिसळतात, फटका तिथं बसतो. माझ्या मते तेल आणि डॉलर बघा, अमेरिकेचं पेव नको. सिलिंडरचं तर गणितच निराळं. तो प्रोपेन-ब्युटेन, सौदीच्या भावावर चालतो. वायूचा साठा घटला म्हणून सिलिंडर भरायचे म्हणजे ज्वारी महागली म्हणून साखरेची पोती आणायची.

ए-१०२ वहिनी: अहो पण ह्यांनी सकाळीच दोन भरलेले आणून ठेवलेत. 🙈

सचिव: कुठे ठेवलेत?

ए-१०२ वहिनी: खाली. पाण्याच्या मोटरच्या खोलीत. घरात जागा नव्हती.

सी-३०१ काका: वहिनी, तो गॅस हवेपेक्षा जड असतो. पाइपचा गळला तर वर निघून जातो, हा खालीच साचतो. मोटरची एक ठिणगी पुरे. आधी ते बाहेर काढा.

बी-२०४: मी पार्किंगमध्येच आहे. किल्ली कुणाकडं आहे?

ए-१०२ वहिनी: आणते. दिवा लावू नका हं तिथला.

सचिव: आज संध्याकाळचं पाणी अर्धा तास उशिरा सुटेल.